मीठ वरून घेत नाही, टेन्शनही नाही. मग बीपी का वाढलं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४. तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी १५०/९६ च्या आसपास भरलं. रक्त-लघवीचे साधे रिपोर्ट ठीक आहेत. जेवताना वरून मीठ घेत नाही, कामाचा फार ताण नाही, डोकं दुखत नाही. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पण 'नेमकं कारण सांगता येत नाही' म्हणाले. असं कसं?

डॉक्टर बरोबर सांगतायत. बीपी वाढलेल्या दर दहा प्रौढांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांत बोट ठेवून दाखवावं असं एक कारण नसतं. चार-पाच गोष्टी मिळून दाब वर नेतात. उरलेल्या थोड्या लोकांत मात्र मागे ठरावीक आजार किंवा औषध असतं, आणि ते वेळेवर सापडलं तर कधीकधी गोळ्या बंदसुद्धा होतात. तुम्ही यातल्या कुठल्या गटात आहात, हे ठरवण्याइतकी माहिती पुढे देतो.

पण त्याआधी आकडा खरा आहे का ते बघा. दंड जाड आणि कफ (मशीनची दंडावर गुंडाळायची पट्टी) लहान असेल तर वरचा आकडा सहज १० ने, कधी त्याहूनही जास्त फुगतो. कफच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढेल एवढी लांब हवी. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा; तो १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर निव्वळ रक्ताच्या वजनाने ७-८ अंक वाढतात. लघवी तुंबलेली असणं, पायावर पाय टाकून बसणं, मोजताना बोलणं या प्रत्येकाने आकडा वर जातो. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको. कफ उघड्या दंडावर बांधा, बाही वर सरकवून तिचा आवळ पट्टा झाला असेल तर तोही नको. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे नेहमी जास्त आकडा येणारा हात धरा. दोन हातांत सतत १०-१५ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद असू शकते.

मग घरी सात दिवस सकाळी (गोळीच्या आधी) आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी खरंच वाढलेलं आहे. दवाखान्यात हीच रेषा बहुतेक ठिकाणी १४०/९० धरतात. अमेरिकेने २०१७ साली ती १३०/८० वर आणली, म्हणून दोन वेबसाइटवर दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, असे लोक पुष्कळ असतात. याच्या उलट, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असणारेही असतात, आणि खरा धोका या दुसऱ्या गटाला आहे, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

आकडा खरा आहे असं धरून पुढे जाऊ.

दाब कशाने ठरतो? हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि बारीक धमन्या त्याला किती अडवतात, या दोन गोष्टींनी. पण एवढ्याने तात्पुरती चढउतार समजते, वर्षानुवर्षं राहणारं बीपी समजत नाही. तिथे किडनी येते. निरोगी माणसाचा दाब वाढला की किडनी जास्त मीठ-पाणी लघवीतून बाहेर टाकते, रक्ताचं आकारमान कमी होतं आणि दाब पूर्वपदावर येतो. दाब वाढला आणि महिनोन्‌महिने वाढलेलाच राहिला, याचा अर्थ किडनीने तो वरचा दाब मान्य केला आहे. आता तेवढंच मीठ बाहेर टाकायला तिला जास्त दाब लागतो. बीपीचं कोणतंही कारण घ्या, ते किडनीचा हा हिशेब कुठेतरी बिघडवत असतं. हे एकदा पक्कं लक्षात घेतलं की पुढची सगळी यादी आपोआप जुळते.

हिशेब बिघडवणारी मोठी साखळी म्हणजे रेनिनची. किडनीला रक्त कमी पोचतंय असं वाटलं की ती रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं. ते धमन्या आवळतं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीला (ही किडनीच्या वर असते) अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन किडनीला मीठ धरून ठेवायला सांगतं. १९३४ साली गोल्डब्लाट या संशोधकाने कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने थोडी अरुंद करून टिकणारं उच्च बीपी निर्माण करून दाखवलं होतं. आजच्या गोळ्याही ही साखळी किंवा तिचे परिणाम वेगवेगळ्या ठिकाणी तोडतात. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टान अँजिओटेन्सिनवर काम करतात, क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढतं, अ‍ॅम्लोडिपिन धमन्या सैल करतं. कारणं अनेक असल्यामुळेच एका गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या गटांतल्या लहान गोळ्या सहसा जास्त उपयोगी पडतात. तुम्हाला पहिल्याच दिवशी दोन औषधं एका गोळीत दिली असतील तर घाबरू नका, आजार फार गंभीर आहे असा त्याचा अर्थ नाही.

आता मीठ. 'वरून घेत नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पेशंट म्हणतो, आणि बहुतेक वेळा खरंही असतं, पण वरून घेतलेलं मीठ हा एकूण मिठातला लहान वाटा आहे. बाकीचं स्वयंपाकात आणि पाकिटात असतं: ब्रेड, सॉस, चीज, झटपट सूप, खारवलेलं मांस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असलेला पदार्थ दीडशे ग्रॅम खाल्ला तर १२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसाचा निम्म्याहून जास्त कोटा एका पाकिटात संपला. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीतही ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सगळ्यांचं बीपी मिठाने सारखं वाढत नाही. वय जास्त, किडनी कमजोर, मधुमेह, आधीच वाढलेलं बीपी असेल तर मिठाचा परिणाम जास्त दिसतो. मिठाचा रंग गुलाबी असो की काळा, ते समुद्रातलं असो की खाणीतलं, सोडियमच्या दृष्टीने फरक नगण्य. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर वेगळं असतं आणि त्याने दाब उतरतो. पण किडनीचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टानसारखी 'प्रिल', 'सार्टान' गटातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. किडनी ठीक असलेल्यांनी पोटॅशियम फळं, भाज्या आणि डाळींतून घ्यावं. ते किडनीला मीठ बाहेर टाकायला मदत करतं, आणि त्याची कमतरता हे बीपी वाढण्याचं दुर्लक्षित कारण आहे.

वजनाचं गणित त्याहून सरळ आहे. पोटातली चरबी किडनीला बाहेरून दाबते, तिच्यातून निघणारे हार्मोन सिम्पथेटिक मज्जातंतूंना (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांना) चेतवतात, आणि इन्सुलिन वाढल्याने किडनी आणखी मीठ धरते. अंदाजे एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा एकाने खाली येतो. हा हिशेब कागदावर किरकोळ वाटेल, पण आठ किलो म्हणजे जवळजवळ एका गोळीएवढा परिणाम झाला.

दारूचं नातं प्रमाणाशी आहे: जितकी जास्त आणि जितकी नियमित, तितका दाब वर. दिलासा एवढाच की प्रमाण खाली आणलं की काही आठवड्यांत फरक दिसतो. सिगरेटने प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं किंवा अर्धा तास दाब चढतो आणि उतरतो. म्हणून बाहेर ओढून मग तासभर रांगेत बसलेल्या माणसाचं बीपी ठीक दिसतं. धमन्यांचं नुकसान मात्र वेगळं आणि कायमचं चालू असतं. कॉफीने सवय नसलेल्यांचा आकडा दोन-तीन तास ५-१० ने वाढू शकतो. रोज पिणाऱ्यांत तो परिणाम बराच बोथट होतो. कायमच्या बीपीचं खापर कॉफीवर फोडण्यात अर्थ नाही.

झोपेबद्दल जरा थांबून लिहितो, कारण ते विचारलंच जात नाही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखं उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलकी: हे स्लीप अ‍ॅप्नियाचं चित्र आहे. प्रत्येक वेळी श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि शरीर अ‍ॅड्रिनालिनचा झटका देतं. एका रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं. निरोगी माणसाचा दाब रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो. या लोकांचा बऱ्याचदा उतरत नाही, काहींचा तर उलट वाढतो. चोवीस तास बीपी मोजत राहणाऱ्या मशीनवर हे स्पष्ट दिसतं. घोरतो की नाही हे स्वतःला विचारू नका, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. एक मात्र खरं सांगायला हवं: झोपेत मास्कमधून हवा देणारं श्वासाचं मशीन लावून दाब सरासरी २-३ अंकांनीच उतरतो, त्यामुळे ते लावलं म्हणून गोळ्या सुटतील अशी आशा धरू नये.

वय आणि घराणं आपल्या हातात नाही. पन्नाशी-साठीनंतर मोठ्या धमन्या कडक होतात. त्यामुळे वरचा आकडा वाढतो आणि खालचा उतरतो. १७०/७० बघून 'खालचा तरी छान आहे' असं म्हणणारे भेटतात, पण दोन आकड्यांतलं एवढं अंतर हे कडक धमनीचंच लक्षण आहे. तुमचं चित्र (१५०/९६, दोन्ही आकडे वर) चाळिशीत नेहमी दिसणारं आहे. यात बारीक धमन्यांचा आवळेपणा आणि वजनाचा वाटा मोठा असतो. आनुवंशिकतेत एक 'बीपीचं जनुक' नसतं. शेकडो जागांवरचे बारीक फरक असतात, प्रत्येकाचा परिणाम एका अंकाहूनही कमी. आई-वडील दोघांनाही बीपी असेल तर तुमची शक्यता बरीच वाढते, म्हणून भावंडांचंही मोजून घ्या.

राहिलं टेन्शन. त्याला गरजेपेक्षा जास्त श्रेय दिलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. भांडण, भीती, दुखणं यांनी आकडा तासाभरापुरता १८० वर जाऊ शकतो, यात शंका नाही. पण मन शांत झालं की तो उतरतो. दीर्घकाळचा ताण बीपी वाढवतो तो बराचसा आडवाटेने: झोप मोडते, दारू वाढते, खाणं बिघडतं, गोळ्या चुकतात. 'माझं बीपी टेन्शनचं आहे' या समजुतीचा खरा तोटा पुढे दिसतो. परीक्षा संपली, लग्न उरकलं, की माणूस गोळी बंद करतो. डोकेदुखीचंही तसंच. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांनुसार ३० ते ७९ वयातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना हा त्रास होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचं ठाऊकही नव्हतं.

आता घरातला औषधांचा डबा उघडा. इथे बऱ्याचदा कारण हाती लागतं आणि इथेच फार कमी शोधलं जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन या पेनकिलर किडनीतली प्रोस्टाग्लँडिन (तिथल्या धमन्या सैल ठेवणारी रसायनं) अडवतात. मीठ-पाणी साचतं, आकडा चढतो, शिवाय बीपीच्या गोळ्यांचा असर कमी होतो. गुडघ्यासाठी रोज अशी गोळी घेणाऱ्याचं बीपी औषध वाढवूनही हलत नाही, ते याचमुळे. लघवी वाढवणारी गोळी, 'प्रिल' किंवा 'सार्टान', आणि त्यावर पेनकिलर, हे तिन्ही एकत्र झालं तर किडनी अचानक बंद पडू शकते. उलट्या-जुलाबांत धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल तुलनेने बरं, पण रोज ४ ग्रॅम असं सलग घेतल्यास तेही दाब वाढवतं.

सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि फिनाइलएफ्रिन धमन्या आवळतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, नैराश्यावरचं व्हेनलाफॅक्सिन, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, व्यायामशाळेतली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं, कोकेन आणि अ‍ॅम्फेटामाइन ही नावं यादीत पक्की. 'नैसर्गिक' म्हणून सुटका नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन अल्डोस्टेरॉनसारखाच परिणाम घडवतं; काढा किंवा गोळ्यांतून ते आठवडेच्या आठवडे पोटात गेलं की दाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. यातलं डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. क्लोनिडिन ही बीपीचीच गोळी अचानक बंद केल्यावर तर बीपी उसळून वर येतं.

लपलेल्या आजाराची शंका कधी घ्यायची? वय तिशी-चाळिशीच्या आत, आकडा अचानक उसळलेला, बरीच वर्षं आटोक्यात असलेलं बीपी एकाएकी सुटलेलं, पोटॅशियम कमी, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही दाब न उतरणं. शेवटच्या बाबतीत आधी गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का हे तपासावं. उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

किडनीचा आजार बीपीचं कारणही असतो आणि परिणामही. कोणतं आधी झालं हे नंतर सांगणं अवघड जातं. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असणं पुरेसं नाही, कारण किडनीचं बरंचसं काम गेल्यावरच ते वाढतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून किती प्रथिन गळतंय याचं माप) आधी बिघडतं, आणि 'साधे रिपोर्ट ठीक' म्हणणाऱ्यांच्या फाइलमध्ये नेमकी हीच तपासणी नसते. किडनीची धमनी अरुंद झाली असेल तर 'प्रिल' किंवा 'सार्टान' सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून जास्त वाढू शकतं. म्हणून या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघतात. तरुण स्त्रियांत हा अरुंदपणा धमनीच्या भिंतीच्या वेगळ्याच आजाराने होतो आणि तो फुग्याने रुंद करून बरा करता येतो.

सगळ्यात जास्त निसटणारा आजार म्हणजे अल्डोस्टेरॉनचा अतिरेक. कॉन यांनी त्याचं वर्णन १९५५ साली केलं आणि त्यानंतर बराच काळ तो दुर्मिळ मानला गेला, कारण पोटॅशियम कमी असलेल्यांतच तो शोधला जाई. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त पेशंटचं पोटॅशियम नॉर्मल असतं, आणि बीपी असलेल्या दर शंभरांत पाच ते दहा जणांत तरी हा आजार सापडतो. रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर काढून तो ओळखतात. रक्त सकाळी, उठून दोन तास हिंडून-फिरून झाल्यावर, बसलेल्या स्थितीत द्यायचं. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढायचं, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर काही वेळा चार आठवडे आधी थांबवावं लागतं, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दोष एकाच बाजूच्या ग्रंथीत असेल तर ती काढता येते; दोन्हीकडे असेल तर स्पायरोनोलॅक्टोन हे मुख्य औषध.

बाकीचे झटपट सांगतो. धडधड, घाम आणि डोकेदुखी असे तिन्हीचे झटके येत असतील तर फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनालिनसारखी हार्मोन सोडणारी गाठ; यात मेटॅनेफ्रिन (त्या हार्मोनपासून बनणारे पदार्थ) मोजतात आणि आधी नुसतं बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) देणं धोक्याचं असतं. गोल चेहरा, कातडीवर जांभळे पट्टे, मांड्यांची ताकद कमी झाली तर कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल या हार्मोनचा अतिरेक. थायरॉइड मंदावला तर मुख्यतः खालचा आकडा वाढतो, जोरात चालला तर वरचा. हातात दाब जास्त आणि पायात कमी, मांडीतली नाडी उशिरा लागते, तर जन्मतः महाधमनी अरुंद. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर वाढलेलं बीपी हा वेगळाच विषय आहे. त्यात घरी आठवडाभर मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

तुमच्यासाठी व्यवहारात एवढं: फाइलमध्ये क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि ईसीजी आहे का बघा, जे नसेल ते करून घ्या. अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी एकदा करावी का, हे डॉक्टरांना विचारा. नव्या मार्गदर्शक सूचना ती पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त लोकांत करायला सांगतात. सात दिवसांचे घरचे आकडे आणि गेल्या महिन्यात घेतलेल्या प्रत्येक गोळी-काढ्याची यादी सोबत न्या, दुकानातून परस्पर घेतलेल्यांसकट. दरम्यान गोळी चालू ठेवा. कारणाचा शोध आणि उपचार एकत्र चालतात. मध्येच कधी आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना अडखळणं, दिसेनासं होणं यांपैकी काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत न बसता थेट हॉस्पिटल गाठा, आणि वाटेत कोणी बीपी झटपट उतरवायला म्हणून जिभेखाली गोळी ठेवायला दिली तर ती घेऊ नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूला मिळणारं रक्त कमी पडतं.